बेड तेरा

त्या वॉर्डाचा एक नियम होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. ड्यूटी संपली म्हणून पर्स उचलून चालू पडायचं नाही. एकेका बेडपाशी उभं राहून येणाऱ्या सिस्टरला पेशंट सोपवायचा, आणि तिनं तोंडानं ‘घेतला’ म्हटल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही. तोवर पेशंट तुझा, त्याचं बरंवाईट तुझ्या माथी.

त्या दुपारी हसरी सिस्टर घाईत होती. पेशंट भराभर सोपवून तिला घरी जायचं होतं. घरी जाऊन मरायचं होतं.

हे तिनं सकाळी दात घासतानाच ठरवलं, आणि ठरल्यावर तिला इतकं शांत वाटलं की तिचं तिलाच भय वाटलं. जीव नकोसा झालेला पेशंट अचानक शांत झाला तर त्याच्यावरची नजर काढू नका, हे नव्या पोरींना आजवर तिनंच शिकवलं होतं!

‘हसरी’ हे वॉर्डानं ठेवलेलं नाव. हिच्या एका कोपरखळीसरशी कण्हणारी आजीसुद्धा खुदकन हसायची. पण बाई आतून पार पोखरली होती. झोप उडालेली, घास घशाखाली उतरेना. तिच्या हातांत जीव सोडलेले पेशंट तिच्यासोबत घरी यायचे नि उशाशी बसायचे. सांगितलं नव्हतं असं नाही. आईला फोनवर म्हणाली, “आई, मला जगावंसं वाटत नाही गं.” आई म्हणाली, “अगं, तूच असं म्हणायला लागलीस तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? दृष्ट लागलीय तुला.” चहाच्या वेळी मैत्रिणींना म्हणाली, “मरावंसं वाटतंय बाई.” तर त्या म्हणाल्या, “रांगेत ये, आमचा नंबर आधी!” आणि खिदळल्या. त्यांना तरी काय बोल लावायचा? ही हसत हसतच म्हणाली होती.

वरच्या साहेबांकडे जायची सोय नव्हती. मागे इथल्याच एका डॉक्टरनं जीव दिला, तेव्हा साहेबांनी हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. उभं राहून पाय सुजलेल्या माणसांना खोल श्वास घ्यायला लावलं. एकीनं उठून “मलाही तसं वाटतं” म्हटलं, तर तिला वॉर्डातून काढून चादरी मोजायला बसवलं. घ्या! सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं ते तेव्हापासून.

दुपारी चष्मेवाली सिस्टर आली. दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. चष्मेवालीला विनोद म्हणून कळत नसे. पेशंट मजेत आहे म्हटलं की विचारणार, “मजेत म्हणजे? ताप किती?” तरी आज काम झटपट उरकलं. शेवटच्या, बाराव्या बेडवरच्या आजोबांना हसरी म्हणाली, “येते हं.”

आजोबांनी तिची ओढणी धरली. “उद्या येशील ना, पोरी?”

पेशंटशी खोटं बोलायचं नाही, हा तिचा जुना हट्ट. “हो” काही तोंडातून निघेना. तिनं हलकेच ओढणी सोडवली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

“एक राहिलाय,” ती म्हणाली. “बेड तेरा.”

“तेरा? आपल्याकडे बाराच बेड आहेत.”

“बाई आहे. वय एकेचाळीस. झोप नाही, जेवण नाही. आता रडणंही थांबलंय.” आवाज रोजच्यासारखा सपाट. “जगायचं नाही म्हणते.”

दुसरी कुणी असती तर हसली असती. चष्मेवालीनं चष्मा वर सरकवला. “काही ठरवलंय तिनं?”

“हो.”

“कधी?”

“आज. घरी गेल्यावर.”

“घरी कोण असतं?”

“आत्ता कुणी नाही. नवरा कामावर, लेक शिकायला बाहेरगावी.”

“आणि ती कुठे आहे?”

हसरीनं तिच्याकडे पाहिलं. “तुमच्यासमोर.”

बोलून तर गेली. आता बभ्रा होणार, नोकरी जाणार, लेकीच्या कानावर जाणार. “गंमत केली हो,” म्हणत ती दाराकडे वळली. चष्मेवाली दारात आडवी उभी राहिली.

“मी अजून ‘घेतला’ म्हटलेलं नाही.”

“जाऊ द्या ना मला!” हसरी ओरडली. “तुमचं काय जातंय? मला नाही सहन होत आता! चादरी मोजत बसू का जन्मभर?”

“मोजू. दोघी मोजू.” चष्मेवालीनं तिच्या खांद्यावरची पर्स काढून स्वतःच्या खांद्याला लावली. “पेशंटला एकटं सोडायचं नाही, हे सांगायला तू विसरलीस. बेड तेरा. घेतला.”

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं होतं. हसरीचं अवसानच गळालं. ती तिथेच फरशीवर बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की सगळा वॉर्ड उठून बसला. हलकं वगैरे काही वाटत नव्हतं तिला. मरायचं होतंच अजून.

चष्मेवालीनं एका हातानं तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं फोन लावला. “वॉर्डात दुसरी सिस्टर पाठवा, लगेच. मी पेशंटला घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे चाललेय. हो, सोबत मीच राहणार. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगेन.”

आजोबा भेदरून विचारत होते, “काय झालं तिला? उद्या येईल ना?”

“उद्या नाही,” चष्मेवाली म्हणाली. “आजारी आहे ती.”

दुसरी सिस्टर धावत आली. चष्मेवालीनं तिला एकेक करून बाराही बेड सोपवले. तेराव्याचं मनगट मात्र तिनं सोडलं नाही.