सूर्यभानची घंटी

सेलूत स्टेशनापासून कापसाच्या जिनिंगपर्यंत जायला धड रस्ता म्हणून नव्हताच. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, मग माणसं सरळ रुळावर चढायची, सायकली हातात धरून. मालनबाईचा सूर्यभान असाच सायकल ढकलत जिनिंगवर कामाला निघाला होता. मागून मालगाडी आली. वाऱ्यात ऐकू आली नसंल, म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? पोरगं तर मालनबाईचं गेलं.

पुढं बहात्तरच्या दुष्काळात कामं निघाली, तवा कुठं रुळाच्या कडेनं मुरमाची वाट करायचं ठरलं. पायी माणसांनी आणि सायकलवाल्यांनी दोघांनीही जायचं. मालनबाई टोपलं घेऊन कामावर गेली. काम सूर्यभान गेला त्या जागेवर आलं तसा मुकादम नागनाथराव म्हणाला, "मालनबाई, आज तुमी पल्याडच्या टोळीत जा. हितलं दुसरे करतील."

"माझं मीच करते," ती म्हणाली. मुरूम टाकला, धुम्मस घेऊन ठोकून काढला. घरी येऊन लय रडली, पण मनाला एवढंच बरं वाटलं की आता दुसऱ्या कुणाचं पोरगं जायचं न्हाई.

कशाचं काय! वाट तयार झाली आणि महिनाभरात कुणीतरी सांगत सुटलं, की त्या जागेवर मागून सायकलची घंटी येते आणि वळून बघावं तर कुणी नसतं. सूर्यभानच्या घंटीची वाटी ढिली होती, ती घर्र करून वाजायची. तशीच वाजते म्हणे. झालं, माणसं ती जागा आली की वाट सोडायची, सायकल उचलून रुळावर चढायची आणि पुढं जाऊन परत वाटेवर उतरायची. बघा अक्कल. जित्या इंजिनाला भ्यायचं सोडून मेलेल्या पोराला भ्यायची.

मालनबाई ज्याला त्याला अडवून सांगायची, "मी दीक्षा घेतलीय. देव सोडले, आता भुतं कुठून धरू? माझं लेकरू गरीब होतं हो, ते कुणाला कशाला भेववील?" लोक मान हलवायचे आणि रुळावर चढायचे.

मग एक दिवस सिताराम दूधवाल्याची सायकल त्याच जागी रुळात अडकली आणि समोरून गाडी. त्यानं सायकल सोडून उडी मारली म्हणून वाचला. मालनबाईचं घर जवळच, ती धावत आली. खडीवर सगळीकडं दूध सांडलेलं. आज न्हाई तर उद्या कुणीतरी मरणार होतं, आणि ते सूर्यभानच्या नावावर लागणार होतं.

तिनं सितारामला पाणी दिलं. तिच्या हातचं त्यानं कधी घेतलं नव्हतं, त्या दिवशी मात्र घेतलं.

"तुमच्या सूर्यभाननंच रुळात ओढलं मला," तो म्हणाला.

मालनबाईनं रुळाकडं बघितलं. मग म्हणाली, "हो, त्यानंच. माझ्या सपनात आला होता. म्हणला, आई, वाट सोडून रुळावर जाईल त्याला मी धरणार. जो वाटेनं जाईल, घंटी वाजवील, त्याला काही करणार न्हाई."

दूधवाल्याचं तोंड ते. सांजेपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून रुळावर चिटपाखरू न्हाई. सगळे वाटेनं, आणि त्या जागेवर आले की घंटी.

घरात बसलेल्या मालनबाईला दिवसभर घंट्या ऐकू यायच्या. बाबासाहेबांच्या फोटोकडं बघायची तिची हिंमत होईना. जगाच्या लेकरांपायी तिनं आपलं लेकरू भूत करून टाकलं होतं, आणि हे बोलायचं कुणापाशी?

दिवस मावळायच्या सुमाराला एकदा ती जिनिंगकडून वाटेनं घरी येत होती. पुढं कुणी नव्हतं. त्या जागेवर आली आणि मागून घंटी वाजली. ढिल्या वाटीची, घर्र करून.

ती पटकन कडेला सरली. शेजारून कुणीच गेलं न्हाई.

वळून पाहिलं तर मागं कुणी नसणार, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून ती वळली न्हाई. एका सायकलीपुरती जागा सोडून, तशीच कडेकडेनं घरापर्यंत चालत राहिली.