प्रत्येकी की मिळून?

मी मोजणारा बोलतोय. दिसायला काहीच नाही. थंडगार खोलीत घूं घूं करणाऱ्या, विद्यापीठाच्या सामाईक कॉम्प्युटरांच्या पोटातला मी एक छोटा प्रोग्राम. अक्षरओळख बेताची, आकडे मात्र तोंडपाठ. कुणी किती प्रोसेसर धरले, किती मेमरी अडवली, किती तास, एवढंच लिहितो. वापरा नाहीतर नुसते धरून बसा, मला काय त्याचं? धरलं की तुमच्या वाट्यातून गेलं, आणि वाटा संपला की तुमचं काम रांगेत.

मला बनवलं कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या काकांनी. तेव्हापासून रोज शिव्या खातोय. वाटा वापरणाऱ्यांनी उडवायचा आणि चोर मी.

गेल्या आठवड्यात ताई आली. औषधाच्या रेणूंवर पाच वर्षं डोकं झिजवतेय. प्रबंध द्यायला चार दिवस, शेवटचं एक गणित राहिलेलं, आणि मी तिला रांगेत अडवलेलं. तिच्या संशोधन गटाचा महिन्याचा वाटा खलास.

"काका, तुमचा हा मोजणारा पिऊन मोजतो का? मी आठच जीबी मेमरी मागितली होती."

सगळे भांडायला येतात. मला उघडून बघणारे काका एकटेच. बघितलं आणि म्हणाले, "चाळीस प्रोसेसर, आणि आठ जीबी प्रत्येकी. मिळून लिहायचं होतंस गं. तीनशेवीस अडवलीस, वापरलीस सहा."

ताई वाकून पडद्यावरची ती ओळ वाचू लागली.

खालच्याच ओळीत तिचे सर. त्याच गटातले, तोच वाटा. बत्तीस प्रोसेसर आठ दिवसांसाठी धरलेले. राबतोय एक, बाकीचे एकतीस जावयासारखे बसून. दोन दिवस ही ओळ लिहितोय मी. वाचतंय कोण?

काकांनी फोन लावला. सर म्हणे असू देत, लागले तर.

"लागलेत, सर. तुमच्याच पोरीला."

मग सरांनी काम रद्द केलं आणि पुढचे सहा दिवस वाट्यात परत आले.

ताईनं या खेपेला मिळून आठ मागितली. लागली साडेसहा. गणित एक दिवस राखून सुटलं. मागितलं आणि वापरलं हे माझे दोन रकाने इतके शेजारी कधी बसले नव्हते. मला अगदी हुरूप आला.

प्रबंधात तिनं म्हणे सगळ्यांचे आभार मानले. सरांचे, काकांचे, आईचे, कॅन्टीनवाल्याचेसुद्धा. माझे मानले असतील, मला कुठं वाचता येतंय.

बाबांनो, मागायच्या आधी एकदा मला उघडून बघा, एवढंच मागणं. बरं, थांबा. सरांचं नवं काम आलंय. प्रोसेसर बत्तीस. मेमरी आठ जीबी.

प्रत्येकी.