स्नायपरची जागा

लांबून मारणाऱ्याला लोक भित्रा म्हणतात. म्हणोत बापडे! शेवगावच्या त्या मंगल कार्यालयात मोनिकाचा संघ पहिला डाव हरला, तो मोनिका भित्री म्हणून नव्हे, तर तिचा थोरला भाऊ कानिफ उतावळा म्हणून. हे तिला ठाऊक होतं आणि कानिफलाही ठाऊक होतं. म्हणून तर तो तिच्याकडे न बघता मोबाईलची काच शर्टाला पुसत बसला होता.

खेळ मोबाईलवरचा, बंदुकांचा, चौघांविरुद्ध चौघांचा. तिनातले दोन डाव मारेल त्याची स्पर्धा. कानिफ आणि अंगद पुढे घुसणारे. सलमान हीलर, म्हणजे जखमी गड्याला परत उभा करणारा. आणि मोनिका स्नायपर, लांब दडून एकेकाला टिपणारी. समोर श्रीरामपूरची पोरं, निळे टी-शर्ट घालून, कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून बसलेली. तिसऱ्या रांगेत पुण्याचे सोहोनी सर. त्यांनी सकाळीच माईकवरून सांगून टाकलं होतं, “इथल्या खेळाडूंतून मी एकाला पुण्याला नेणार आहे. राहणं, जेवण, सराव, सगळं आमच्या संघाकडे.”

एकाला! तो एक शब्द मोनिका सकाळपासून मनात घोळवत होती.

तिचं घर ऊसतोडीचं. ऊसतोडीत माणसं सुटी मोजत नाहीत, जोडी मोजतात. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधायची, दोघं मिळून एक कोयता. इतकी वर्षं आई-बाप एक कोयता होते. गेल्या हंगामात आईची, रंगुबाईची, कंबर कायमची गेली आणि बापालाही काम झेपेना. यंदा दिवाळी झाली की ट्रक येणार होता आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाला कानिफ-मोनिका असा कोयता सांगून झाला होता. कानिफ पुण्याला गेला तर मोनिका अर्धा कोयता उरणार, आणि अर्ध्या कोयत्याला तिकडे कोण विचारतो? मग तिचं लग्न. पाथर्डीकडचं एक स्थळ टपूनच बसलं होतं, त्यांनाही अर्ध्याचा पुरा करायचा होता. पोरगी किती शिकली हे त्यांनी विचारलंच नाही, मोळी डोक्यावर पेलते का एवढंच विचारलं. आणि मोनिका गेली तर? तर कानिफ अर्धा. मग त्याच्या गळ्यात कुणाची तरी शाळेतली पोर बांधतील. कसंही कापलं तरी एक जण मरतच होता. म्हणून तिनं ठरवलं होतं, जिंकायचं, आणि असं जिंकायचं की त्या माणसाला दोघांना नेल्याशिवाय गत्यंतरच राहू नये.

“दादा, न सांगता पळतो कशाला तू?” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“मग काय बसून ऱ्हाऊ? सर बघाय लागल्यात!”

“बघाय लागल्यात म्हनून मरून दावायचं व्हय?”

“अरे, भांडनं घरी करा की,” सलमान म्हणाला. “मोनिका, तू बोल. काय करायचं?”

“मी गोळी मारल्याबिगर कुनी हलायचं न्हाई. दादा, तू भिंतीआडनं नुसती चाहूल द्यायची. त्यांना तू दिसला पायजे, पन घावला न्हाई पायजे. सलमानभाई, तुमी माझ्या पाठीला. माझी पाठ उघडी पडली का आपला खेळ खलास.”

दुसरा डाव सुरू झाला. हातात लांब पल्ल्याची बंदूक आली की नवखं पोर आधी सगळ्यात उंच टाकीवर चढतं. आणि शत्रूही आधी टाकीकडंच बघतो, तो काय खुळा असतो? मोनिका एका पडक्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर गेली. तिथंही खिडकीशी नाही, खोलीच्या आत, अंधारात मागे सरून बसली. तिथून तिला रस्त्याचा एवढासा तुकडा दिसत होता. पण त्या तुकड्यावर आल्याशिवाय कुणालाही पुढे जाता येत नव्हतं.

कानिफनं भिंतीआडून डोकं काढलं आणि आत घेतलं. पुन्हा काढलं, पुन्हा घेतलं. श्रीरामपूरचा म्होरक्या त्याच्या मागावर रस्त्यात आला, सबंध छाती उघडी टाकून. मोनिकाचं बोट शिवशिवलं. पण ती थांबली. पहिली गोळी सुटली की तुमचा पत्ता साऱ्या गावाला कळतो. ती गोळी अशा माणसावर घालवायची, ज्याच्यावाचून बाकीच्यांचं अडेल. म्होरक्या पुढे गेला. त्याच्या मागून त्यांचा हीलर आला, खाली वाकून, पळत.

मोनिकानं त्याला टिपलं आणि तो पडतोय का हे बघायलासुद्धा न थांबता ती जिना उतरली. मागे त्या खिडकीवर गोळ्यांचा नुसता पाऊस पडला. पडू दे! तोवर ती बाजूच्या घराच्या पडवीत पोचली होती. “आता निघ, दादा!” ती ओरडली. कानिफ आणि अंगद दोन्हीकडून घुसले. ज्याला परत उभा करणारा कुणी नाही, त्याचा धीर सुटतो. श्रीरामपूरची पोरं मागे मागे सरत एकेक करून संपली.

“आरं वा रं पठ्ठे!” अंगदनं टेबलावर थाप मारली. मोनिकानं हळूच तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सर कानिफकडे बघत होते की आपल्याकडे, तिला कळेना.

तिसऱ्या डावात मात्र घात झाला. त्यांचा स्नायपर आता मोनिकाच्याच मागावर निघाला होता. तिच्या पाठीशी असलेला सलमान पहिल्याच झटक्यात गेला. त्याला सावरायला धावलेला अंगद गेला. तोवर त्यांचेही दोघं पडले होते. उरले बहीण-भाऊ, आणि समोर दोघं, त्यातला एक कुठे दडलाय ते देवाला ठाऊक. मोनिकाच्या हाताला घाम सुटला. काचेवरून बोट घसरायला लागलं. ती हलली तर मरत होती, आणि नाही हलली तर वेळ संपून डाव जात होता.

तो दडलेला गोळी मारेल तेव्हाच दिसणार होता. म्हणजे त्याला मारायला कुणीतरी द्यायला हवं होतं.

“दादा,” ती म्हणाली, “बाहीर निघ.”

कानिफनं तिच्याकडे पाहिलं. सर बघत असताना, शेवटच्या डावात, उघड्यावर जाऊन कुत्र्याच्या मौतीनं मरायचं, असा त्याचा अर्थ होता. तो म्हणाला, “निघतो. पन चुकू नको, मोने.” आणि तो रस्त्याच्या मधोमध पळत सुटला.

गोळी आली. कानिफ पडला. पाण्याच्या टाकीखाली क्षणभर उजेड चमकला आणि मोनिकानं त्या उजेडावरच गोळी घातली. लागली! शेवटचा गडी बावचळून उघड्यावर आला, त्याला तिनं दमानं टिपलं. कार्यालयात एकच गिल्ला झाला. सलमाननं अंगदला उचललं, अंगदनं सलमानला. आणि मोनिकाला मात्र रडू फुटलं, कारण जिंकून देणारं मरण कानिफनं मरून दाखवलं होतं आणि पडद्यावर नाव तिचं झळकत होतं.

सर उठून आले. “मोनिका ना? फार छान खेळलीस. दुसऱ्या डावात तू पहिल्याला सोडलंस ना, तिथेच मी ठरवलं. मला तू हवी आहेस पुण्याला.”

शेजारी कानिफ उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला. त्यानं हसायचा प्रयत्न केला, तिच्या डोक्यावर टपली मारली, “आलो पानी पिऊन,” म्हणाला आणि बाहेर गेला.

“आन दादा?” मोनिकानं विचारलं.

“जागा एकच आहे गं.”

आता इथं काय झालं ते नीट समजून घ्या, कारण पोरगी काही अडाणी नव्हती. मुकादम दारात आला की पहिल्या खेपेला होकार देणारा माणूस तिच्या गावात खुळा ठरतो. रंगुबाई सुपातलं धान्य पाखडत मान वर न करता सांगायची, “न्हाई जमायचं औंदा.” मुकादम चिडायचा, “बरं, तुमची मर्जी!” म्हणून तरातरा निघायचा, तुम्हाला झोंबावं म्हणून मुद्दाम शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन चहा प्यायचा, आणि दिवस कलला की परत यायचा, नरम होऊन. खरं बोलणं तिथून पुढे. जो पहिल्या झटक्यात हो म्हणतो त्याला काही मागता येत नाही, त्यानं मिळेल ते घ्यायचं. आणि मोनिकाला तर भाऊ मागायचा होता.

“मग न्हाई जमायचं,” ती म्हणाली आणि खाली बघून चार्जरची वायर गुंडाळायला लागली.

सर गोंधळले. “अगं, नीट विचार कर. घरच्यांशी बोलायचं आहे का? मी बोलू?”

“न्हाई म्हंजी न्हाई, सर. दोघं, न्हाईतर कुनीच न्हाई.”

सरांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, “बरं. तुझा निर्णय आहे.” आणि निघून गेले.

मोनिकाला आतून बरं वाटलं. ‘बरं’ म्हणाले म्हणजे गाडी रुळावर होती.

“काय म्हनले सर?” सलमाननं विचारलं.

“येत्याल परत. तुमी व्हा म्होरं, मी हितंच हाय.”

ती तीच खुर्ची धरून बसली. सर शोधत आले तर चुकामूक नको. सर पलीकडच्या टोकाला निळ्या टी-शर्टातल्या एका पोराशी बोलत होते. मोनिकाला गालातल्या गालात हसू आलं. करा, करा, शेजाऱ्याकडं चहा प्या! तिनं मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. थांबायचं तिला काय शिकवायचं? थांबून ती आजवर कधी हरली नव्हती. कार्यालयाची माणसं खुर्च्या एकात एक घालायला लागली. कुणीतरी पंखे बंद केले. बाहेर एक गाडी सुरू झाली, फाटकातून वळली आणि नेवाशाच्या रस्त्याला लागली. मोनिका बसून राहिली.

कानिफ आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण चेहरा धुतलेला होता. “सर कुठं हाईत? कागदबिगद काय द्यायचं सांगितलं का?”

“मी न्हाई म्हनले.”

“काय म्हनली?”

“पयल्या खेपंला न्हाईच म्हनायचं ना, दादा. दोघांना घ्या म्हनले. येत्याल की आता.”

कानिफ मटकन समोरच्या खुर्चीत बसला. “अगं येडे, ते मुकादम हाईत व्हय? त्यांच्या मागं पोरांची रांग लागलीय!” त्याचा आवाज चिरकला. “मी आईला फोन करून सांगितलं पन! म्हनलं, मोनी सुटली. नगरला एमआयडीसीत अंगदच्या मामाकडं मी लागतो म्हनलं, कोयत्याचं मी बघून घेतो. अगं, मी बाहीर जाऊन रडलो ते एकदाच, मग समदं ठरवूनच आलो ना मी!”

मोनिका ताडकन उठली. भिंतीवरच्या जाहिरातीवर सरांचा नंबर होता. तिनं लावला, चुकला, परत लावला.

“सर, मी मोनिका. मी येते. एकटी येते, सर.”

“अगं...” पलीकडे गाडीचा आवाज होता. “मी श्रीरामपूरच्या मुलाला शब्द दिला. तो गाडीतच आहे माझ्याबरोबर. मी तुला दोनदा विचारलं ना?”

“विचारलं, सर, पन...”

“तू स्पष्ट नाही म्हणालीस. मुलीनं नाही म्हटल्यावर तिच्या मागे लागायचं नाही, एवढी रीत तरी आम्ही पाळतो. वाईट वाटून घेऊ नकोस. छान खेळतेस.”

“सर, आमच्यात पयल्यांदा न्हाईच म्हनत्यात,” मोनिका म्हणाली. पण फोन बंद झाला होता.

ती मोबाईल हातात धरून उभी राहिली. कानिफ रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. आईचा फोन. मोनिकानं तो कानिफपुढे धरला. कानिफनं मान हलवली. “मला न्हाई जमायचं, मोने. तूच बोल.”

तिनं उचलला. पलीकडे रंगुबाई हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. मागे आयाबायांचा गलका होता, कुणीतरी साखर वाटत असावं.

“मोने, माझी गुनाची बाय गं! कवा जायचं मग पुन्याला? पत्र्याची पेटी काढू का पिशवी? मोठी काढू का बारकी? बोल की गं!”

घरातली मोठी पेटी दर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या ट्रकात चढायची.

“मोठीच काढ,” ती शेवटी म्हणाली, आणि मोबाईल कानिफच्या हातात देऊन खाली फरशीवर बसली.