लाल बिया

"टोप्या कशाला?" रोपवालीनं फोन कानाशी घट्ट धरत विचारलं.

"अगं, आमच्या आईंनी सोसायटीतल्या सगळ्या मुलांना सांगितलंय ना," पलीकडून लेक म्हणाली. "तीस मुलं होतायत. सगळ्यांना एकसारख्या टोप्या, प्रत्येकाला रंगवलेली कुंडी. सुट्टीच्या पहिल्या दिवशी बंधाऱ्यावर जायचं, बिया गोळा करायच्या, तिथंच लावायच्या आणि कुंडी सोसायटीच्या गच्चीवर आणून ठेवायची. तुलाही बोलावलंय. नक्की ये."

रोपवालीच्या हातात मातीची पिशवी होती. ती तिनं खाली ठेवली. बंधाऱ्यावर जाऊन बिया गोळा करायच्या, सुट्टीच्या पहिल्या दिवशी. हे तिला सांगत होते, आणि वर बोलावत होते.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

"रागावलीस?"

"रागवायचं काय त्यात. बंधारा काय माझ्या बापाचा आहे?"

सार्वजनिक बागेच्या रोपवाटिकेत तिला एकतीस वर्षं झाली होती. दोन घमेली माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं खत, कालवायचं, पिशव्या भरायच्या, बी टोचायचं. गावातली निम्मी झाडं तिच्या पिशव्यांतून गेलेली होती. इस्पितळासमोरची, शाळेमागची, पुलापासून चौकापर्यंतची सगळी ओळ. प्रत्येक झाडाशी एक पाटी होती आणि पाटीवर ते कुणाच्या हस्ते लावलं त्याचं नाव होतं. हस्ते म्हणजे काय, तर कुणीतरी तयार खड्ड्यात रोप ठेवून फोटोसाठी हसलेला असतो. त्याआधी चार महिने ते रोप कुणाच्या हाताखाली होतं, हे विचारायचं लोकांना कधी सुचलं नव्हतं. तिला त्याचं फार वाटायचं नाही. वाटायचं, पण ती ते माती चाळताना चाळून टाकायची.

लेक चार वर्षांची असल्यापासून मोठ्या सुट्टीचा पहिला दिवस मात्र दोघींचा होता. सकाळी चालत बंधाऱ्यावर जायचं. तिथं शेंगांची उंच झाडं होती. शेंगा वाळून पिळल्यासारख्या होतात आणि लाल, चकचकीत, दगडासारख्या बिया खाली सांडतात. त्या रुमालात बांधून आणायच्या, जुन्या डब्यांत लावायच्या आणि पुढच्या सुट्टीत ते रोप जिथं कुणी मागितलं नाही अशा जागी लावून यायचं. पाटी नाही, फोटो नाही. लेक मोठी झाली, लग्न झालं, नात झाली, आणि नातही चालायला लागल्यापासून या फेरीत सामील झाली. नात सतत काहीतरी गुणगुणायची म्हणून तिला सगळे भुंगी म्हणत. गेल्या वर्षी रोपवाटिकेच्या दगडी पायरीवर बसून भुंगीनं स्वतःची बी स्वतः घासली होती. ती लाल बी नुसती मातीत टाकली तर वर्षभर तशीच पडून राहते. तिची एक कड दगडावर घासावी लागते. लालाखालचं पांढरं दिसलं की थांबायचं, रात्रभर पाण्यात ठेवायचं, मग लावायचं. त्या पायरीला एकतीस वर्षांत एक खळगा पडला होता. भुंगी त्याला बियांची वाटी म्हणायची.

आणि आता विहीणबाई.

विहीणबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं बोलणं अजूनही कुणाचातरी कॉल जोडून दिल्यासारखं खणखणीत असे. उंच, नीटनेटक्या, सोसायटीतल्या प्रत्येक कामात पुढे. भुंगी त्यांना मोठी आजी म्हणायची. वयानं त्या रोपवालीपेक्षा दोन वर्षांनी लहान होत्या. पण मोठ्या घरातली आजी ती मोठी आजी, असा त्या पोरीचा हिशेब असावा, आणि तो दुरुस्त करायची सोय नव्हती. लेकसुद्धा त्यांना आईच म्हणायची. एक नुसती आई, आणि एक त्या आई.

"तुझ्या पोटात दुखतंय," रोपवालीनं पिशवीला बी टोचता टोचता स्वतःलाच सांगितलं. दुखत होतंच.

---

बंधाऱ्यावर पोहोचली तेव्हा तीस पिवळ्या टोप्या झाडांखाली नाचत होत्या. विहीणबाईंच्या हातात कर्णा होता. कर्ण्याची त्यांना काही गरज नव्हती.

"या, या. तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय," त्या म्हणाल्या. "एरवी किती राबता. आज नुसतं बसायचं."

खुर्ची सावलीत ठेवली होती. एकटी खुर्ची, तीही प्लास्टिकची, हाताला गुलाबी फीत बांधलेली. रोपवाली बसली. ज्या झाडाखाली ती पंचवीस वर्षं उकिडवी बसून बिया वेचत आली होती, तिथं तिला पाहुणी करून ठेवलं होतं.

"मुलांनो, इकडे बघा," कर्णा म्हणाला. "ह्या भुंगीच्या दुसऱ्या आजी. बागेत कामाला असतात."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. रोपवालीनं मान हलवली. दुसऱ्या. बागेत कामाला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून तर बोलायला जागा नव्हती.

"आता कुंडीत बोटभर खड्डा करायचा, बी टाकायची, माती लोटायची, पाणी घालायचं," विहीणबाई सांगत होत्या. "दहा दिवसांत अंकुर."

दहा दिवसांत? रोपवाली खुर्चीच्या कडेला आली. घासल्याशिवाय दहा महिन्यांतही येणार नाही. "अहो विहीणबाई, आधी घासायला लागतं," एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. जिभेवर आले आणि तिथंच बसले. येऊ दे की कळून. सगळं येतं ना यांना. टोप्या येतात, कुंड्या रंगवता येतात, कर्णा धरता येतो. तिनं पाठ पुन्हा खुर्चीला टेकवली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिला ती खुर्ची बरी वाटली.

भुंगी मुठीत बी घेऊन धावत आली आणि तिच्या गुडघ्याला टेकून हळूच म्हणाली, "आजी, घासायची नाही?"

रोपवालीनं पोरीकडे पाहिलं. टोपी डोळ्यांवर आली होती.

"आज मोठ्या आजीचा कार्यक्रम आहे," ती म्हणाली. "ती सांगेल तसं कर."

भुंगी थोडा वेळ उभी राहिली. मग गेली. तिचं गुणगुणणं थांबलं होतं, हे रोपवालीच्या लक्षात आलं. लक्षात येऊनही ती उठली नाही.

जाताना तिनं स्वतःचा रुमाल काढला आणि मूठ-दोन मुठी बिया बांधून घेतल्या. दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेच्या पायरीवर बसून एकेक बी घासली, रात्रभर भिजवली आणि चाळीस पिशव्यांत लावली.

---

नवव्या दिवशी तिच्या पिशव्यांतून जाड, गोल पानांच्या जोड्या वर आल्या. तिकडे काही आलं नाही. लेक फोनवर सांगायची आणि रोपवाली "असं होय" म्हणायची. त्यानंतरचा पहिला आठवडा तिला फार छान गेला, हे कबूल करायला हवं. चहासुद्धा गोड लागत होता. दुसऱ्या आठवड्यात तिच्या रोपांना पिसांसारखी बारीक खरी पानं फुटली आणि पहिली जाड पानं सुकून गळायला लागली. तिसऱ्या आठवड्यात लेक म्हणाली, "भुंगी कुंडीकडे जातच नाही आता. माझ्याच हातून चुकलं म्हणते. काय चुकलं विचारलं तर सांगत नाही. रडते नुसती."

"तिचं काय चुकणार," रोपवाली म्हणाली.

"तेच तर. पण ऐकत नाही."

त्या दिवशी चहा गोड लागला नाही. घासायची नाही का, हे पोरीनं विचारलं होतं. तीस मुलांत तेवढ्या एकीनं. आणि आजीनं तिला मोठ्या आजीकडे धाडलं होतं, चुकायला. विहीणबाईंवर दात ठेवला आणि चावा बसला पोरीला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोपवाटिकेच्या फाटकातून विहीणबाई आत आल्या. चांगल्या चपला, खाली चिखल. तोल सांभाळत पिशव्यांच्या रांगांमधून त्या आल्या आणि आज त्यांचा आवाज कुठल्याच कॉलसारखा नव्हता.

"एक काम होतं तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "तीस रोपं हवीत. त्याच झाडाची. रविवारी मुलं सहलीला जातायत. ती परत यायच्या आत कुंड्यांत लावून टाकीन म्हणते. एकेक जण रोज दारात येऊन विचारतं हो. मला दार उघडायची भीती वाटायला लागलीय."

"आहेत की. चाळीस आहेत."

"त्याच झाडाची?"

"त्याच झाडाची. त्याच दिवशी वेचलेली."

विहीणबाईंनी रांगेकडे पाहिलं. हिरवीगार चाळीस रोपं. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"तुम्ही तिथंच होतात," त्या म्हणाल्या. "माझं चुकतंय हे लक्षात आलं नाही तुमच्या?"

"आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

रोपवालीनं हातातली माती झटकली. खोटं बोलायला चिक्कार जागा होती. "जळत होते मी," ती म्हणाली.

"खुर्ची दिली म्हणून?"

"खुर्ची दिली म्हणूनही."

शेजारी एक बादली पालथी होती, तिच्यावर विहीणबाई बसल्या. साडीला चिखल लागला, पण तो त्यांनी पाहिला नाही. "मुलांनी काय केलं होतं तुमचं?" त्या हळू म्हणाल्या.

रोपवाली खाली बसून रोपं निवडायला लागली. थोड्या वेळानं विहीणबाईही उठल्या आणि ती देईल ती पिशवी खोक्यात ठेवू लागल्या. अशा दहा-बारा झाल्या.

"आमच्या भुंगीला जरा चांगलं बघून द्या," विहीणबाई म्हणाल्या. "तिच्यापायी फार वाईट वाटतं. त्या दिवशी बंधाऱ्याच्या पायरीवर बसून काय घासत होती कोण जाणे, बोटं सोलवटून घेतली. मी ओरडले तिला. आणि कुंडीत यायचं ते सोडून गवत आलं. बाकी एकोणतीस कुंड्यांत तेही नाही. एक दिवस सकाळी पाहिलं तर ही जाड जाड दोन गोल पानं. ती उठायच्या आत उपटून टाकलं मी. म्हटलं, निदान जागा तरी स्वच्छ राहू दे."

रोपवालीचा हात पिशवीवर थांबला.

घासली होती. कुणी सांगितलं नसताना, दोन आज्यांच्या मधून वाट काढून, पोरीनं जाऊन पायरीवर बी घासली होती. आणि ती आली होती. तीस कुंड्यांत एकच आली होती, आजीनं शिकवलेली, आणि या बाईनं ती आपल्या हातांनी उपटून टाकली होती.

ते गवत नव्हतं विहीणबाई. चारच शब्द. इतकी वर्षं कुणी तिच्या नावाची पाटी लावली नव्हती. ही पाटी आयती हातात आली होती, लावायचीच बाकी होती. विहीणबाई खोक्यावर वाकल्या होत्या. त्यांच्या नखांत माती गेली होती आणि रोप मोडू नये म्हणून त्या प्रत्येक पिशवी दोन्ही हातांनी, तापलेल्या भांड्यासारखी धरत होत्या. रोज तीस मुलं यांचं दार वाजवत होती.

"गवत येतंच कुंडीत," रोपवाली म्हणाली आणि पुढची पिशवी त्यांच्या हातात दिली.

---

रविवारी दोघींनी मिळून सोसायटीच्या गच्चीवर तीस रोपं लावली. विहीणबाई खड्डा करायच्या, रोपवाली पिशवी फाडून रोप बसवायची. "एवढं खोल?" "अजून थोडं." एवढंच बोलणं. भुंगीची कुंडी निळी होती. तिच्यात खड्डा मात्र रोपवालीनं स्वतः केला. बोटांना काहीतरी लागलं, ते तिनं रुमालात बांधलं आणि सगळ्यात चांगलं रोप तिथं लावलं.

संध्याकाळी फोन वाजला. आधी गुणगुणणं ऐकू आलं, मग भुंगी.

"आजी, माझं आलं. सगळ्यांचंच आलं. पण माझं सगळ्यात उंच."

"अरे वा."

"आजी, कुणाला सांगू नको." आवाज अगदी बारीक झाला. "मी घासली होती. मोठी आजी नको म्हणाली तरी. मला वाटलं त्यानंच बिघडलं."

"त्यानं बिघडत नाही. त्यानंच येतं."

"मोठी आजी म्हणते, रोज पाणी घातलं म्हणून आलं."

रोपवालीनं खिडकीतल्या डब्यांकडे पाहिलं. यंदा ते रिकामेच राहिले होते.

"पाणीही लागतंच, बाळा," ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं रुमालाची गाठ सोडली. आत बीचं लाल टरफल होतं, नखाएवढं. तिनं ते खिडकीशी नेलं आणि उजेडात फिरवून पाहिलं. एक कड घासलेली होती, पांढरं दिसेपर्यंतच, त्याच्यापुढे जराही नाही. चांगली घासली होती पोरीनं.