विभूतीची रेघ

टँकर आला, घागरी भरल्या, टँकर गेला. रोजच्यासारखंच. मग गुरुबसप्पानं पूजेतली विभूती ओली केली आणि अव्वाच्या, त्याच्या आईच्या, औषधाच्या बाटलीवर रेघ ओढली. औषध होतं बरोबर तिथवर.

संशय आधी औषधावरच होता. "कॅन्सर बरा होणार नाही, फक्त दुखणं थांबेल," लातूरच्या नर्सबाई म्हणाल्या होत्या. बरं न करणारं औषध कसलं? पण ते घेतलं की अव्वा दोन घास खायची, हसायची. त्यानं औषध चालू ठेवलं.

पुढं बाटली भराभर उतरू लागली. संशय बायकोवर गेला.

ओढ्यापलीकडच्या वस्तीवर तर त्याचा संशय पहिल्यापासून होता. कोरोना येईल तो तिकडूनच, म्हणत वाटेवर बाभळीचे काटे त्यानंच टाकले होते. नर्सबाईंची जीप मात्र त्याच्या दारात यायची. वस्तीतल्या विठाबाईलाही अव्वाचाच आजार. तिची बाटली त्याच जीपमध्ये होती. त्यानं ती काट्यांपासून परत पाठवली. "तिकडं जायचं असंल तर हिकडं येऊ नका."

दुपारी औषध रेघेच्या खाली.

तो बाहेर धावला. महादेवी, त्याची बायको, काट्यांमधून हात घालून विठाबाईच्या लेकाला, दगडोबाला, कप देत होती. कप कान तुटलेला, गोठ्याच्या कोनाड्यातला. वस्तीच्या माणसांचा वेगळा कप.

"चोरटे! अव्वाचं औषध?"

"मला कशाला? अव्वालाच इचारा की."

घरात अव्वा, शांतम्मा, उशीला टेकून बसली होती. "म्याच दिलं. माझ्यातलं अर्धं तिचं."

"रोग घरात येईल, अव्वा!"

"तिला ना ताप, ना खोकला. माझंच दुखणं हाय ते. तू जलमलास तवा पहिल्यांदा तिच्याच हातात आलास. तवा न्हाई बाटलास?"

त्यानं चमचा भरला. अव्वानं ओठ मिटले.

"आधी काटं काढ. तिला पाज. मग मला."

कळ आली. अव्वाची बोटं वाकळ पिळू लागली. ओठ तसेच. आत्ता उघडतील, मग उघडतील, तो बघत राहिला. नाही उघडले.

काट्यांपलीकडं दगडोबा काठी घेऊन उभा. "आजूक काटं टाकायला आलाव का, मालक?"

"काढायला."

"तुम्ही?" काठी खाली आली नाही. गुरुबसप्पाचे तळहात रक्तानं भरले, तेव्हा आली.

विठाबाई पोत्यावर पडली होती. त्यानं चमचा पुढं केला तशी तिनं मान मागं टाकली, तोंड वासलं. एवढ्या कळांतही विसरली नव्हती.

"वरनं वता, मालक. चमचा बाटंल."

चमचा एकच होता. अव्वाचा.

त्याचा हात थांबला. मग त्यानं चमचा तिच्या ओठांना लावला.

परतताना नर्सबाईंना फोन केला. "विठाबाईची बाटली आणा. वाट मोकळी हाय."

अव्वानं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग चमच्याकडं. तिलाही संशय होताच.

"धुतलास?"

"न्हाई."

शांतम्मानं तोंड उघडलं.