भैयाजींची लॉरी कोणी अडवली

लॉरीभोवती अख्खं चिचटोला गाव जमलं होतं. बॉनेटवर शेंदूर, चाकांखाली लिंबं आणि समोर घुमणारा दादाजी भगत.

"तळ्याची माता बोलून राह्यली," तो हातवारे करत सांगत होता. "लोखंडाच्या पोटात बाईची नजर बसली हाय. मी तिले धूर करून काढतो."

बॉनेट उघडून त्यानं आत अंगारा फुंकला. मग "आतून शेंदूर लाव" म्हणत ड्रायव्हर इस्तारीला वाकायला लावलं आणि स्वतः मोठ्यानं मंत्र म्हणत राहिला. बऱ्याच वेळानं लॉरीचे मालक भैयाजी यांनी स्टार्टर दाबला. लॉरीनं काळा धूर सोडला आणि सुरू झाली. नजर बाहेर पडली म्हणून लोकांनी त्या धुराला हात जोडले. मला हसू आलं नाही, कारण जिची नजर ती धुरपता कुंपणापलीकडे उभी होती.

धुरपता ढिवराची विधवा. गावतळ्यात मासे धरून सावली गावच्या बाजारात विकायची. महिन्याभरापूर्वी ती टोपली घेऊन याच लॉरीतून बाजाराला गेली होती. दुसऱ्या दिवशी लॉरी सुरू झाली नाही. तिचा गुन्हा एवढाच.

त्याच आठवड्यात लॉरी चांद्याहून दुरुस्त होऊन आली होती. डिझेलची टाकी धुतली होती, फिल्टर नवा बसवला होता. तेव्हापासून काही दिवस चालायची आणि सकाळी उठून मुकी व्हायची. गावचं धान तिच्यावरच जायचं, त्यामुळे सगळे घाबरले होते. दादाजीनं तिला तीनदा जिवंत केलं. पहिल्या वेळी लोकांनी धुरपताचं जाळं तळ्याबाहेर फेकलं. दुसऱ्या वेळी बायांनी तिला विहिरीवरून हाकललं. आज तिसऱ्या वेळी दादाजी म्हणाला, "हे बाई गावात हाय तोवर मोटार मरतच राहीन. येत्या बाजाराआधी तिले शिवेपार करा."

मी तिथला मास्तर. शाळा भैयाजींच्या ओसरीत भरायची, म्हणून दोन वेळा मी सगळं पाहून गप्प बसलो होतो. त्या दिवशी मात्र मी तिच्या दारी गेलो.

ती सामान बांधत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुरुजी, मंत्र दादाजी म्हणते. मंग दरवेळी इस्तारीचेच हात डिझेलनं काऊन भरते?"

मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण हा प्रश्न कळला.

तिसऱ्या दिवशी लॉरी पुन्हा बसली. गर्दी जमल्यावर मी पुढे झालो. "दादाजी, तुम्ही मंत्र म्हणा. फक्त बॉनेट बंद राहील आणि इस्तारी माझ्याजवळ उभा राहील."

"बंद झाकणात माता शिरत नाई," दादाजी म्हणाला.

"नजर तर बंद झाकणातच शिरली होती ना?"

मागे कोणीतरी हसलं. भैयाजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणा मंत्र, भगत."

दादाजीनं तळं, डोंगर, नदी, साऱ्या देवांना हाका मारल्या. घाम पुसला. पूजेचा कोंबडा नीट कापला गेला नाही, असं सांगून पाहिलं. भैयाजी स्टार्टर दाबत राहिले. इंजिन नुसतं कण्हत होतं. माझ्या शेजारी इस्तारी दर कण्हण्यासरशी बंद बॉनेटकडे बघत होता.

"बास करा, भाऊ," तो शेवटी म्हणाला. "बॅटरी उतरून जाईन. त्याच्यात देव नाई. हवा हाय."

त्यानं बॉनेट उघडलं. फिल्टरवरचा छोटा स्क्रू ढिला केला आणि खालचा हातपंप दाबू लागला. स्क्रूपाशी डिझेलचा फेस बुडबुडत आला. फेस संपून नितळ धार लागली तसा त्यानं स्क्रू आवळला. "आता दाबा."

लॉरी सुरू झाली.

मग तो खाली मान घालून बोलला. फिल्टर चांद्याच्या मिस्त्रीकडून बसवून घे, असं भैयाजींनी बजावलं होतं. यानं तो स्वतःच बसवला आणि नळीच्या जोडाला जुना, चिरलेला तांब्याचा वॉशर घातला. गाडी उभी राहिली की त्या चिरीतून हवा आत शिरायची आणि नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरायचं. पंप हवेला दाबत बसायचा, इंजिनाला तेल मिळायचं नाही. पहिल्या पूजेच्या वेळी चाचपडताना त्याला हवा सापडली. दादाजीनं ते पाहिलं होतं.

"तो म्हणला, तू चूप राह्य. तुही नोकरी राहीन, माहा देव राहीन."

दादाजी तोवर गर्दीतून निघून गेला होता. त्याच्यामागे कोणी गेलं नाही. भैयाजी धुरपताच्या दारी गेले, जाळं परत देतो म्हणाले.

"ठेवा," ती म्हणाली. तिचा भाऊ वैनगंगेकाठी राहायचा, तिकडे ती निघाली. मी शिवेपर्यंत सोबत चाललो आणि माफी मागितली.

यंत्र बंद पडलं तर यंत्र उघडून पाहावं, माणूस आजारी पडला तर डॉक्टरला दाखवावं, आणि कोणी चमत्कार करून दाखवला तर त्याच्या मदतनिसाला बाजूला करून पुन्हा करायला सांगावं. याला शिक्षण लागत नाही. विचारायला तोंड लागतं, आणि ते वेळेवर उघडावं लागतं. हे मला धुरपतानं शिकवलं. शिवेवर टोपली डोक्यावर सावरत ती एवढंच म्हणाली होती, "गुरुजी, हे तुमी पयल्याच दिवशी इचारलं असतं, तं मी आज तळ्यावर असती."