पांढरा कुठं थांबवायचा

समितीत एक बाई हवी असा नियम आला की आपल्याकडं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाईचं नाव कागदावर चढतं, फोटोत तिला मधोमध बसवतात, आणि चहा अजून का आला नाही हे बघायला तीच उठते. ऑफिसात हे चालतं, सोसायटीत चालतं. जयपूरच्या एका विद्यापीठाच्या पूल क्लबमध्येही हेच चाललं होतं.

पूल म्हणजे हिरव्या टेबलावर काठीनं पांढरा चेंडू मारून बाकीचे चेंडू कोपऱ्यांतल्या नि कडेच्या खिशांत पाडायचा खेळ. क्लबमधल्या निशिगंधा भोईटेचा हात या खेळात चांगला बसला होता. तिचे वडील सुभेदार संभाजी भोईटे मूळचे साताऱ्याकडचे, बदलीनं जयपूरला आलेले, घर जगतपुऱ्यात. गेल्या वर्षी क्लबच्या निवड सामन्यात तिनं कॅप्टन संकेतला सगळ्यांदेखत हरवलं.

संकेत प्रताप नगरमधल्या एका बँक अधिकाऱ्याचा मुलगा. मराठीच. गणपतीत महाराष्ट्र मंडळात दोघांनी शेजारी उभं राहून आरत्या म्हटलेल्या. हरल्यावर त्यानं हसत हात मिळवला आणि बाहेर जाऊन मित्रांना सांगितलं, "जिंकू दिलं यार तिला. रडली असती बिचारी."

हे तिच्या कानावर आलंच. पुढं राष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेच्या संघात तिचं नाव होतं, कारण नियमानं एक मुलगी लागत होती. तिथं तिनं एकही फटका मारला नाही. पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि संकेतचे व्हिडिओ काढले. तेव्हाच त्याच्या तोंडावर बोलली असती तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण ती गप्प बसली. तिनं तो राग लोणच्यासारखा मुरवला आणि वर्षभर सराव केला.

यंदा स्पर्धा जयपूरलाच होती आणि नवा नियम आला होता: प्रत्येक लढतीत मुलगा-मुलगी जोडीचा एक सामना खेळायचाच. जोडीनं आळीपाळीनं एकेक फटका मारायचा. एकानं चेंडू पाडला की पांढरा जिथं थांबेल तिथून दुसऱ्यानं मारायचं. म्हणजे जोडीदाराला सोपं जाणार की अवघड, हे आपल्या हातात.

"हिच्याबरोबर मीच खेळतो," संकेत म्हणाला. "सांभाळून घ्यायला कोणीतरी पाहिजे ना, मतलब, अनुभवी."

निशिगंधा "बरं" म्हणाली. मनात म्हणाली, ये बाबा, ये.

उपांत्य सामन्यात तिनं त्याला सोलून काढलं. आपला चेंडू ती अचूक पाडायची, टाळ्या घ्यायची आणि पांढरा नेमका कडेला चिकटवून ठेवायची. संकेतला वाकडं होऊन, टाचा उचलून मारावं लागे. तो चुकला. पुढच्या खेपेला तिनं पांढरा दुसऱ्या चेंडूमागं दडवला. पुन्हा चुकला. त्याच्या कपाळावर घाम आला, कान लाल झाले. "सॉरी हं," ती म्हणायची. इतक्या गोड आवाजात तिनं कधी कुणाची माफी मागितली नव्हती. वर्षभरात तिला असं सुख लाभलं नव्हतं. जोडीचा सामना गेला. बाकीच्या मुलांनी आपापले सामने जिंकले म्हणून संघ कसाबसा अंतिम फेरीत पोचला.

आता संकेतला लोक काय काय बोलतात ते ऐकायला ती मुद्दाम पाणी प्यायला तिकडं गेली. क्लबचे विनय सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, "होता है, कैप्टन. जोड़ी ही ऐसी मिली है, तू क्या करेगा? अगले साल लड़कियाँ सिर्फ़ नाम के लिए रखेंगे." बाकीची मुलं माना हलवत होती. पहिल्या वर्षाची ज्ञानदा, संघातली राखीव मुलगी, तिथंच उभी होती. तिनं हातातली काठी मुकाट्यानं पिशवीत घातली.

निशिगंधाच्या हातातला पेला तसाच राहिला. मार दिला संकेतला आणि वळ उठला ज्ञानदाच्या पाठीवर!

सामना बघायला आलेले संभाजीराव बाहेर कँटीनशी बसले होते. लेक समोर येऊन बसली तसे ते हळूच म्हणाले, "पांढरा मुद्दाम कडंला लावत हुतीस न्हवं?"

ती दचकली. "तुम्हाला पूलमधलं काय कळतं, पप्पा?"

"पूल न्हाई कळत. कॅरम कळतो. पल्टनीत जोडीदाराचा काटा काढायचा असला की असंच करत्यात. सोंगटी अशी सोडायची की गड्याचा हातच पोचू नये."

"मग बरोबर केलं मी. त्यानं वर्षभर माझी इज्जत काढली. मला त्याला तोंड लपवताना बघायचं होतं."

"लपवलं का त्यानं?"

सर काय म्हणाले आणि ज्ञानदानं काठी कशी पिशवीत घातली, ते तिनं सांगितलं.

"न्हाईच लपवनार. तू जिकलीस तवा ती त्येची मेहेरबानी हुती. आता त्यो चुकला तर खोट तुझी. त्येंचा चष्माच तसला हाय, पोरी. अंधारात मारलेला धोंडा तुझ्याच टकुऱ्यात आला. वर त्या धाकट्या पोरीलाबी लागला."

"म्हणजे माफ करू त्याला?"

"माफ कर असं म्या कवा म्हनलं? राग धर. पर उजेडात धर. काय सांगायचं ते त्येच्या तोंडावर सांग, मग खेळ. लपून केलेली गोष्ट शत्रूच्याच कामी येती."

निशिगंधा उठली आणि थेट संकेतपाशी गेली. "मघाशी मी तुला मुद्दाम अवघड चेंडू सोडले."

तो भडकला. "पागल आहेस का तू? टीम बाहेर गेली असती!"

"हो, चुकलं माझं. ते मी सरांनाही सांगणार आहे. आता तू सांग. गेल्या वर्षी तू मला जिंकू दिलं होतंस?"

संकेतनं इकडंतिकडं पाहिलं. "नाही."

"मग बाहेर काय सांगितलंस? तुझी माफी नको मला. ते तू चारचौघांत बोललास, चारचौघांतच परत घे. आता मी सरळ खेळणार आहे. तू पांढरा कुठं सोडायचा ते तू ठरव."

अंतिम लढतीत बाकीच्या सामन्यांत बरोबरी झाली आणि सगळं या जोडीवर आलं. निशिगंधा सरळ खेळत होती. पण मध्येच संकेतनं सोडलेला पांढरा कडेला जाऊन चिकटला. मुद्दाम, की चुकून? तिला कळेना. ज्यानं एकदा असा सूड घेतला त्याला दुसऱ्याची साधी चूकसुद्धा सूडच दिसते. तिनं कसाबसा तो फटका निभावला.

शेवटी, जो पाडला की सामना जिंकतो तो काळा चेंडू उरला आणि त्याच्याआधीचा एक. तो पाडायची पाळी संकेतची. मनात आणलं असतं तर त्याला सगळं वसूल करता आलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. तो बराच वेळ टेबलावर वाकून राहिला. मग त्यानं हलकेच मारलं. चेंडू पडला आणि पांढरा काळ्यासमोर सरळ येऊन थांबला. याहून सोपा फटका कुणी कुणाला देऊ शकत नाही.

निशिगंधानं मारलं. काळा खिशाच्या ओठावर थडथडला आणि बाहेर राहिला. समोरच्यांचाही काळाच उरला होता, त्यांनी तो पाडला. सामना गेला, स्पर्धा गेली.

"मैंने पहले ही कहा था," विनय सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लड़कियों के बस का नहीं है यह."

"सर," संकेत म्हणाला. "सेमीफाइनल में मैं बार-बार चूका. तब आपने कहा, होता है. यह एक बार चूकी तो नहीं होता? और पिछले साल मैंने इसे जीतने नहीं दिया था. मैं हारा था. झूठ बोला था मैंने."

संकेतची मान खाली. वर्षभर निशिगंधानं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच. तिला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोला. पण तिचंही देणं होतं. "सर, सेमीफाइनल में वह मेरी वजह से चूका. मैंने जानबूझकर किया था," ती म्हणाली. सरांनी तिला सहा महिने खेळायला बंदी केली. तिनं ती मान्य केली आणि विचारलं, "और ज्ञानदा? उसने तो कुछ नहीं किया." सरांनी ज्ञानदाचं नाव निवड सामन्यांच्या यादीत लिहिलं.

पुढच्या निवड सामन्यांत ज्ञानदा मुलांच्या बरोबरीनं उतरली आणि पहिल्याच फेरीत हरली. एकानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, संकेतकडं पाहिलं आणि मिटून घेतलं.

मित्रहो, अन्याय झाला की राग आलाच पाहिजे. ज्याला येत नाही त्याची कीव करावी. पण लपून घेतलेल्या सुडानं अन्याय करणाऱ्याचं काही बिघडत नाही. त्याचं खापर पुन्हा आपल्याच माथी फुटतं, आणि आपल्यामागून येणाऱ्यांची वाट तेवढी बंद होते. म्हणून जे बोलायचं ते तोंडावर बोला, चारचौघांत बोला, आणि आपली चूक असेल तर तीही त्याच दमात सांगा. मग समोरच्यालाही खोटं बोलणं जड जातं.